काळ्या बिबट्याचे स्पिटफायर

माझ्या टेबलावर सध्या एक विमान उभे आहे. एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजले तर साडेपंधरा सेंटिमीटर. खरे स्पिटफायर ११.२३ मीटर रुंद असते, त्याला ७२ ने भागा, उत्तर जुळते. एकास बहात्तर हे प्रमाण ऐकायला विचित्र वाटते, पण त्याचा हिशेब साधा आहे. सहा फुटांना एक इंच. म्हणजे सहा फुटी माणूस या विमानाशेजारी उभा केला तर तो बरोबर एक इंचाचा होतो. माझ्या वर्गातल्या मुलांना प्रमाण शिकवताना मी आता पुस्तकातला नकाशा उघडत नाही, हे विमान घेऊन जातो.

किट आणून जोडायला दोन रविवार पुरले. गेले चार महिने चालू आहे ते त्यानंतरचे काम. विमानाच्या अंगावर पत्र्याचे सांधे, रिव्हेट, धूर, तेल, धूळ आणि खरचटलेला रंग दाखवण्याचे. घरात विचारतात, झाले ना तयार, मग अजून काय करताय? डब्यातून निघते ते प्लास्टिक असते. त्याचा आकार स्पिटफायरचा असतो, पण ते कुठलेच स्पिटफायर नसते. एकूण वीस हजारांहून जास्त स्पिटफायर बनली. त्यातले हे कुठले, कुणी उडवले, कुठल्या मातीवर उतरले, हे सगळे त्याच्या कातडीवरून कळते.

मी ठरवलेले विमान असे: ब्रिटिश हवाई दलाची १५२ क्रमांकाची स्क्वाड्रन, स्पिटफायर मार्क आठ, बर्मा आघाडी, १९४४-४५. या तुकडीचे पूर्ण नाव १५२ (हैदराबाद) स्क्वाड्रन. हे हैदराबाद म्हणजे आपल्या निजामाचे हैदराबाद. आपल्या म्हणण्याचे कारण, मी परभणी जिल्ह्यातला. माझे दादा, म्हणजे आजोबा, निजामाची रयत होते.

आधी रिव्हेटचे सांगतो, कारण सगळ्यात जास्त डोळे त्यानेच फोडले.

विमानाचा पत्रा आतल्या सांगाड्याला ज्या खिळ्यांनी ठोकलेला असतो त्यांना रिव्हेट म्हणतात. आपल्याकडे ट्रंका बनवणारे कारागीर त्याला रिबिट म्हणतात. ट्रंकेच्या रिबिटचे डोके वर आलेले असते, बोट फिरवले की लागते. विमानावर असे वर आलेले डोके हवेला अडवते. म्हणून पत्र्याला खळगा करून त्यात डोके बसवतात, वरून सगळे सपाट. पण सपाट रिव्हेट बसवायला वेळ आणि पैसा जास्त लागतो. स्पिटफायर बनवणाऱ्या सुपरमरीन कंपनीच्या लोकांना प्रश्न पडला, सगळीकडे सपाट हवेतच का? कुठे गोल डोक्याचे चालतील? याचे उत्तर त्यांनी ज्या रीतीने काढले ती मला फार आवडते. त्यांनी सुक्या वाटाण्याची डाळ आणली आणि विमानाच्या अंगावरच्या प्रत्येक सपाट रिव्हेटवर एकेक दाणा गोंदाने चिकटवला. विमान उडवून वेग मोजला. तो ताशी २२ मैलांनी, म्हणजे सुमारे ३५ किलोमीटरनी कमी झाला होता. मग टप्प्याटप्प्याने एकेका भागावरचे दाणे काढत गेले आणि दर वेळी पुन्हा उडवून पाहिले. पंखांवर सपाटच हवेत, धडाच्या मागच्या भागावर गोल चालतील, हे त्यातून ठरले. लढाईत ३५ किलोमीटर म्हणजे जगणे-मरणे, आणि ते ठरवले किराणा दुकानातल्या डाळीने. आठवीच्या वर्गात हे सांगितले तेव्हा एक मुलगी म्हणाली, सर, नंतर त्या डाळीचे काय केले? मला उत्तर आले नाही.

आता हेच रिव्हेट एकास बहात्तरमध्ये पाहा. पाच मिलिमीटरचे डोके ७२ ने भागले की ०.०७ मिलिमीटर उरते, माणसाच्या केसाएवढे. दोन रिव्हेटमधले अंतर इंचभर धरले तर मॉडेलवर मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. दोन पत्र्यांमधली एक मिलिमीटरची फट तर दिसायलाच नको. म्हणजे काटेकोर प्रमाण पाळले तर मॉडेलवर काहीच कोरू नये! आणि काहीच कोरले नाही तर ते खेळणे दिसते. या व्यवसायातले, म्हणजे छंदातले, निम्मे भांडण यावरच आहे. पूर्वीच्या किटवर रिव्हेट उठावदार असायचे, देवीच्या व्रणांसारखे. ते प्रमाणात मोठे करून पाहिले तर खऱ्या विमानावर टेनिसच्या चेंडूचे अर्धुक ठोकल्यासारखे दिसेल. नव्या किटवर रेषा खोल कोरलेल्या असतात, त्याही खऱ्यापेक्षा रुंदच. डोळ्याला पटावे म्हणून खोटे किती बोलायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे.

मी मधला मार्ग घेतला. रेषा किटच्याच ठेवल्या, त्यावर पुटी आणि पॉलिश पेपर फिरवून त्या उथळ केल्या. रिव्हेटसाठी मात्र हत्यार हवे होते. परदेशी मिळणारे दातेरी चाक माझ्या पगाराला परवडणारे नव्हते. मग जुन्या शहरातल्या घड्याळजी चाचांकडे गेलो. त्यांच्या ड्रॉवरमध्ये मेलेल्या घड्याळांची दोन-अडीच हजार तरी चाके असतील. मी भिंग लावून दातांमधले अंतर पाहत बसलो. त्यांनी काही वेळ सहन केले, मग म्हणाले, "मास्टर, इत्ता बारीक काम नको करो, आँखां जाते." पण तासाभराने एका जुन्या लेडीज घड्याळाचे चाक त्यांनीच शोधून दिले, सुईच्या टोकावर बसवून दिले आणि पैसे घेतले नाहीत. ते चाक पट्टीच्या कडेने फिरवले की प्लास्टिकवर ठिपक्यांची ओळ उमटते. एक ओळ वाकडी गेली की पुटी भरा, वाळू द्या, घासा, पुन्हा.

पहिल्याच आठवड्यात मी मोठी चूक केली. उत्साहाच्या भरात शेपटीच्या उभ्या सुकाणूवरही ठिपके मारले. नंतर लक्षात आले की स्पिटफायरच्या सुकाणूवर पत्रा नसतोच, कापड असते! सांगाड्यावर ताणून बसवलेले आणि वार्निशसारखा डोप लावून कडक केलेले. कापडाला रिव्हेट कुठले? सगळे बुजवावे लागले. फोटोत त्या कापडाखालच्या फासळ्या किंचित वर आलेल्या दिसतात. त्या दाखवायला मी सेलोटेपच्या केसासारख्या पट्ट्या कापून चिकटवल्या आणि वरून रंग दिला. तो तुकडा या विमानातला मला सगळ्यात जमलेला भाग वाटतो आणि तो कुणाच्याच नजरेत भरत नाही.

या कापडावरून दुसरे एक विमान आठवते, आणि तेही हैदराबादचे.

पहिल्या महायुद्धात, १९१८ मध्ये, ब्रिटिशांची ११० क्रमांकाची स्क्वाड्रन फ्रान्सला गेली ती डीएच-९ए जातीची बॉम्बर विमाने घेऊन. लाकडी सांगाडा, वर कापड. ही विमाने सातवा निजाम मीर उस्मान अली खान यांच्या पैशातून आली होती आणि त्यांच्या अंगावर तसे लिहिलेले होते: निजामाकडून भेट, हैदराबाद क्रमांक अमुक. त्यातले एफ-१०१० हे विमान ऑक्टोबर १९१८ मध्ये जर्मन हद्दीत उतरवावे लागले. विमान आणि वैमानिक दोन्ही जर्मनांच्या हाती लागले. महिनाभरात युद्ध संपले, पण विमान परत गेले नाही. ते बर्लिनच्या संग्रहालयात विजयचिन्ह म्हणून राहिले. दुसऱ्या महायुद्धात बर्लिनवर बॉम्ब पडू लागले तेव्हा तिथून हलवले आणि पोलंडमध्ये पोचले. १९७७ मध्ये ब्रिटनने क्राकोच्या संग्रहालयाला एक स्पिटफायर देऊन बदल्यात हे विमान घेतले. आज ते लंडनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममध्ये आहे. दुरुस्त करताना कापड नवे चढवले, रंग नवा दिला, निजामाचे नावही नव्याने रंगवले. म्हणजे खऱ्या विमानाची कातडीसुद्धा एका अर्थाने मॉडेलच. मी टेबलावर करतो तेच काम तिथल्या कारागिरांनी एकास एक प्रमाणात केले. मराठवाड्याचा निदान थोडा तरी पैसा ज्यात असेल असे ते विमान बर्लिन आणि क्राको हिंडून आले. आमच्या दादांनी आयुष्यात औरंगाबाद दोनदा पाहिले.

दुसऱ्या महायुद्धात निजामाने पुन्हा पैसा दिला. ब्रिटिश हवाई दलात हैदराबादचे नाव लावणाऱ्या तीन तुकड्या झाल्या: जुनी ११०, हरिकेन विमाने उडवणारी २५३ आणि स्पिटफायरवाली १५२. एकटा निजामच नव्हता म्हणा. १२४ क्रमांकाला बडोद्याचे नाव होते आणि १३२ क्रमांकाला मुंबई शहराचे. पण १५२ च्या बोधचिन्हावर खुद्द निजामाचा दस्तार आहे आणि खाली ब्रीद आहे, विश्वासू दोस्त. पहिल्या महायुद्धातल्या मदतीबद्दल इंग्रजांनी निजामाला दिलेला हाच किताब. उर्दू-फारसीत त्याचे यार-ए-वफादार व्हायचे.

त्या काळी ब्रिटनमध्ये एका स्पिटफायरची नाममात्र किंमत ५,००० पौंड ठरवली होती. खरा खर्च जास्त होता, पण एवढे दिले की देणाऱ्याचे नाव विमानाच्या नाकाजवळ पिवळ्या अक्षरांत रंगवत. चार इंची अक्षरे. माझ्या प्रमाणात दीड मिलिमीटरही नाही.

आमच्या घरात एक पत्र्याची ट्रंक आहे, तिच्यात दादांच्या शेतसाऱ्याच्या काही पावत्या आहेत. उर्दूत, शिकस्ता वळणात. घरात त्या वाचू शकणारा मी एकटाच उरलो, म्हणून त्या माझ्याकडे आल्या. त्यातली एक फसली सन १३४९ ची आहे. फसली सन इसवी सनात बदलले तर ऑक्टोबर १९३९ ते ऑक्टोबर १९४०. म्हणजे नेमका तो उन्हाळा, ज्यात १५२ स्क्वाड्रन इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर जर्मन विमानांशी लढत होती. पावतीवर रक्कम आहे सात रुपये, हाली सिक्का. निजामाचे सात हाली म्हणजे इंग्रजांचे सहा कलदार. पौंडाला तेव्हा तेरा रुपये पाच आणे चार पै पडत. पाच हजार पौंडांचे झाले ६६,६६७ कलदार. भागिले सहा. उत्तर ११,१११.

दादांच्या पावतीसारख्या अकरा हजार एकशे अकरा पावत्या मिळून एक स्पिटफायर.

पैसा निजामाच्या खासगी खजिन्यातला की सरकारी, असा बारकावा कुणी काढेल. काढावा. पण सर्फ-ए-खास म्हणजे खासगी जमिनींवर राबणारे हातही रयतेचेच होते. त्या पावतीची किंमत ज्याने कुदळीने काढली त्याचे नाव पिवळ्या अक्षरांत कुठे नव्हते, एवढेच मला म्हणायचे आहे.

असो. विमानाकडे येऊ.

१५२ स्क्वाड्रन इंग्लंडहून उत्तर आफ्रिका, इटली करत १९४३ च्या अखेरीस हिंदुस्थानात आली आणि मग इंफाळ-बर्मा आघाडीवर लढली. विमाने बदलत गेली, नाव राहिले. बर्मातल्या मार्क आठ स्पिटफायरच्या अंगावर मात्र हैदराबाद असे कुठेही लिहिलेले दिसत नाही. दस्तारही नाही. दिसतो तो धडावरच्या गोल खुणेवर झेप घेणारा काळा बिबट्या, आणि शेजारी तुकडीची ओळख म्हणून यू आणि एम ही दोन अक्षरे. माझ्या वर्गातल्या एका पोराने लगेच अर्थ लावला, सर, यू म्हणजे उस्मान, एम म्हणजे मीर! कल्पना झकास होती, पण तुकड्यांना अशी अक्षरे नावावरून देत नसत, हे सांगून मी त्याचा विरस केला.

ती गोल खूणही नीट पाहावी लागते. ब्रिटिश विमानांवरचे वर्तुळ आपल्याला लाल-पांढरे-निळे म्हणून माहीत असते. बर्मा आघाडीवर त्यातला लाल रंग काढून टाकला होता, कारण जपानी विमानांवर लाल गोळा असायचा. घाईत, उन्हात, झाडीवरून जाताना तोफेवरच्या माणसाला फक्त लाल काहीतरी दिसले तर तो आपल्याच विमानावर गोळी झाडायचा. म्हणून बाहेर गडद निळा आणि आत फिकट निळा एवढेच ठेवले. युद्धाच्या शेवटच्या टप्प्यात ओळख पटायला पंखांवर आणि शेपटीवर पांढरे पट्टेही आले. किटबरोबर आलेल्या चिकटचित्रांत लाल ठिपक्याची वर्तुळे होती, ती मी वापरली नाहीत. दोन निळे मिसळून स्वतः रंगवली. बिबट्याही हातानेच काढला, तीन केसांच्या ब्रशने. पहिला बिबट्या मांजर झाला. दुसरा मुंगूस. चौथ्याला बायकोने पास केले.

हे दोस्त की दुश्मन ओळखण्याचे प्रकरण एकास बहात्तरच्या इतिहासातही आहे. १९४२ च्या सुरुवातीला अमेरिकेच्या नौदलाने शाळकरी मुलांना पाच लाख मॉडेल विमाने बनवायला सांगितले होते. लाकडाची, याच एकास बहात्तर प्रमाणात, आपली, दोस्तांची आणि शत्रूची, सगळ्या प्रकारची. सैनिकांना लांबून विमान ओळखायला शिकवण्यासाठी ती वापरली गेली. ही मॉडेले काळ्या रंगात रंगवत. ना खिडकी, ना रिव्हेट, ना खूण. कारण आकाशात लांबून दिसते ती फक्त सावली, आणि तोफेमागच्या माणसाला एकाच प्रश्नाचे उत्तर हवे असते: पाडायचे की सोडायचे? त्या कामासाठी ती मॉडेले उत्तम होती. शिक्षक म्हणून मला त्या मुलांचा हेवा वाटतो. फक्त आमच्याकडे निजामाचा विषय निघाला की सगळे जण ती काळी मॉडेले हातात घेऊन बसतात. एकाला सावली दिसते उस्मानिया विद्यापीठाची, धरणांची, दवाखान्यांची. तो म्हणतो, आपला. दुसऱ्याला सावली दिसते रझाकारांची. तो म्हणतो, पाडा. जवळ जाऊन पत्रा पाहायला कुणाला वेळ नसतो.

जवळून पाहिले तर काय दिसते? १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा सोलापूरकडून नळदुर्गवर आल्या. या कारवाईत भारतीय हवाई दलाची टेम्पेस्ट विमाने होती, तीही इंग्लंडमध्येच बनलेली. १७ तारखेला निजामाने शरणागती दिली. विश्वासू दोस्ताच्या मदतीला दोस्त आला नाही. दादी सांगायची, विमानाचा आवाज आला की पोरांना खाटेखाली ढकलायचो. ती विमाने कुणाची हे तिला तेव्हा माहीत नव्हते आणि नंतरही तिने विचारले नाही. त्याआधीच्या ऑगस्टमध्ये हैदराबादेत इमरोज या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्लाह खान यांचा रझाकारांनी खून केला होता, संस्थान भारतात विलीन व्हावे असे लिहिल्याबद्दल. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरला वकिली करायचा आणि त्याच्या माणसांनी मराठवाड्यातली गावे जाळली. पोलीस ॲक्शननंतर याच मराठवाड्यात निरपराध मुसलमान मारले गेले. पंडित सुंदरलाल समितीने संस्थानभरचा कमीत कमी अंदाज २७ ते ४० हजार असा दिला आणि तो अहवाल कित्येक दशके कपाटात राहिला. आणि याच हैदराबादेत जन्मलेल्या, महायुद्धात हरिकेन आणि स्पिटफायर उडवायला शिकलेल्या इद्रिस हसन लतीफ यांनी १९४७ मध्ये भारतीय हवाई दल निवडले. १९७८ मध्ये ते हवाई दलप्रमुख झाले आणि पुढे आपल्या महाराष्ट्राचे राज्यपालही. एकाच पत्र्यावरचे हे सगळे डाग आहेत. एक पुसला की शेजारचा खोटा दिसायला लागतो.

डागांचे काम मी शेवटी ठेवले होते. आधी तेलरंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सगळ्या रेषांत सोडला आणि अर्ध्या तासाने इअरबडने वरचा पुसला. रेषेत राहतो तेवढाच मळ खरा. पुसताना हात नेहमी हवेच्या दिशेने, नाकाकडून शेपटीकडे. विमानावरचे तेल, पाऊस, धूर सगळे त्याच दिशेने वाहतात. मग इंजिनच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा धुराडी, त्यांच्यामागे काजळीचा पट्टा. त्यासाठी पेन्सिलीच्या शिशाची पूड आणि तपकिरी खडूची पूड. खडूची शाळेत काय टंचाई! पंखाखाली तोफांच्या मागे धुराचे ओघळ. पोटाला धूळ, कारण ही विमाने सिमेंटच्या गुळगुळीत धावपट्टीवर उतरत नव्हती. आसाम-बंगालच्या बाजूला ज्या धावपट्ट्या झाल्या त्यांच्यासाठी हजारो मजुरांनी डोक्यावर टोपल्या वाहिल्या, त्यात बायका होत्या, फोटोंत लुगड्यातल्या रांगा दिसतात. पोटाखालची तपकिरी पूड लावताना त्या रांगा माझ्या डोळ्यांसमोर होत्या, म्हणून हात जरा जास्तच फिरला. तेही नंतर कमी केले.

आणि खरचटलेला रंग. रुपेरी पेन्सिलीच्या टोकाने बारीक ठिपके द्यायचे, म्हणजे रंग उडून खालचे ॲल्युमिनियम उघडे पडल्यासारखे दिसते. याची गोडी लागते. एक दिला की दुसरा द्यावासा वाटतो. शेवटी विमान लढाईतले न वाटता भंगारातले वाटू लागते. इंजिन उघडायच्या झाकणांच्या कडा, तोफांच्या गोळ्या भरायच्या झाकणांभोवती, पंखाच्या मुळाशी जिथे बूट पडतात, एवढ्याच जागा खऱ्या. बाकी सगळी हौस.

सतरा सप्टेंबरला शाळेत मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे छोटे प्रदर्शन असते. स्वामी रामानंद तीर्थांचा फोटो, नकाशा, मुलांनी काढलेली चित्रे. यंदा मी विमान आणि दादांची पावती ठेवायची परवानगी मागितली. स्टाफरूममध्ये चुळबुळ झाली. एक सहकारी मोकळेपणाने म्हणाले, "सर, राग मानू नका, पण आजच्या दिवशी निजामाच्या नावाचं विमान?" मी म्हटले, शेजारी पावती आहे, ती आधी वाचा. ते म्हणाले, "मला उर्दू कुठे येतं?" मग मी ती वाचून दाखवली: गाव, गट, सन, रक्कम. त्यांनी विचारले, त्यांच्या आजोबांच्याही अशा पावत्या असतील का. असतील, मी म्हटले, गाव निजामातलेच ना. दुसऱ्या दिवशी ते एक पिवळे पडलेले पुडके घेऊन आले. सहा पावत्या, त्यातली एक सन १३४९ चीच, साडेअकरा रुपये हाली. त्यांच्या आजोबांनी माझ्या आजोबांपेक्षा जास्त स्पिटफायर विकत घेतले होते, यावर स्टाफरूममध्ये बराच वेळ हशा चालला. दोन्ही पावत्या विमानाशेजारी ठेवल्या, मराठी लिप्यंतरासह.

मुले रांगेने येत होती. मी सांगत होतो. स्पिटफायरला चढायचे छोटे दार डाव्या बाजूला असते, म्हणून वैमानिक डाव्या पंखावर पाय देऊन चढतो, म्हणून तिथला रंग असा उडालेला आहे. सातवीतला एक मुलगा, जो वर्गात सहसा तोंड उघडत नाही, काचेला नाक लावून बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "सर, चढतात डावीकडून, मग उजव्या पंखावरचा रंग कशाने उडाला?"

मी वाकून पाहिले. उजव्या पंखाच्या मुळाशी, बुटाएवढ्या जागेत, मी तितकेच रुपेरी ठिपके मारले होते. दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून, रात्री साडेअकराला.

त्याला म्हटले, तू बरोबर आहेस. प्रदर्शन संपल्यावर विमान घरी आणले, हिरवा रंग पुन्हा कालवला आणि उजवीकडचे ठिपके झाकले. जुन्या रंगात आणि नव्या रंगात किंचित फरक दिसतो. फिटरने झाकण उघडायला उजवीकडेही पाय ठेवलाच असेल, असे स्वतःला समजावून मी एक ठिपका तसाच ठेवला होता. काल तोही झाकला.